परक्या कालव्याचा बांध

आमचे हे बाथरूममध्ये पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, टाके सुकले. पण माणूस उठेना. जेसल पार्कच्या आमच्या फ्लॅटमध्ये पलंग ते बाल्कनी एवढंच त्यांचं चालणं उरलं, तेही मी मागे उभी असले तर. हाडांच्या डॉक्टरने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "आजी, हाडात आता काही नाही. भीती आहे ती डोक्यात. हे चालले नाहीत तर पाय सुकतील, मग छातीत कफ भरेल आणि पलंगावरच संपतील." मला तो डॉक्टर आवडला. गोल गोल बोलणारे मला चालत नाहीत.

घरी येऊन यांना शब्दन् शब्द सांगितला. हे म्हणाले, "मंग संपू दे."

"संपा की. पण वर्षभर पडून संपलात तर तुम्हाला उचलणार कोण? माझ्या कंबरेला विचारलंत?"

यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

हा माणूस जन्मभर चालत आलेला. भाईंदर पश्चिमेला आमच्या सासऱ्यांचं मिठागर होतं. मिठागर म्हणजे खाडीचं पाणी भरतीला आत घ्यायचं, वाफ्यांत कोंडायचं आणि उन्हाने आटवायचं. सगळा खेळ मातीच्या बांधांवर. हे रोज उजाडायच्या आत सगळे बांध अनवाणी फिरून यायचे. चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, बांधात बीळ करते. बोटाएवढं बीळ असलं तरी भरतीला तिथून पाणी घुसतं आणि बांध घेऊन जातं. म्हणून बीळ दिसलं की विचार करायचा नाही, चिखलाचा गोळा कोंबायचा आणि टाचेने दाबायचा. कोणाच्या मिठागरात आहे हेही बघायचं नाही. दुसऱ्याचा बांध फुटला तर पाणी आपल्याकडेच येतं. पुढे मिठागर बंद पडलं, आम्ही पूर्वेला फ्लॅटमध्ये आलो, तरी हे सकाळी खाडीवर जाऊन उगाच कडेकडेने चालून यायचे. पडल्यापासून तेही गेलं.

आमची मुलगी फ्रान्सला असते. लग्न होऊन बरीच वर्षं झाली. जावई कॉम्प्युटरवर काम करतो, मुलगी तिथल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात. मोठ्या शहरात नाही, आडगावात. तिने फोनवर ठरवून टाकलं, की बाबांना उन्हाळ्यात इकडे आणायचं. "इथे रस्ता सपाट आहे, आई. कालव्याच्या कडेने. गाडी नाही, खड्डा नाही. इथे नाही चालले तर कुठेच नाही चालणार."

खालच्या मजल्यावरची गुजराती शेजारीण भेटायला आली. "मासी, उधर खाओगे क्या? सब मांस-मच्छी होता है."

"तो फिर घर जैसा ही है," मी म्हटलं. ती आमच्या घरच्या बोंबलांचा वास वर्षानुवर्षं सोसत आली होती. हसली आणि खाकरे ठेवून गेली.

विमानतळावर यांना चाकांच्या खुर्चीतून ढकलत नेलं. हे रुसलेल्या देवासारखे बसले होते. मला वाटलं, हीच सवय लागली तर मेलो.

गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण मला ते म्हणता येत नाही. घरं दगडाची, छपरं उतरती, आणि दुपारी रस्त्यात कुत्रंसुद्धा नाही. पहिल्या दिवशी मुलगी आम्हाला गाडीने कालव्यावर घेऊन गेली. मी खाली उतरले आणि उभीच राहिले.

मी पाणी खूप पाहिलं आहे. भरती, ओहोटी, उधाण, गटार, सगळं. पण असं पाणी पाहिलं नव्हतं. दोन्ही कडांपर्यंत भरलेलं, आणि हलत नाही. दोन्ही बाजूंना उंच सरळ झाडांची रांग, दिसेल तिथपर्यंत, आणि तीच झाडं पाण्यात उलटी. वाऱ्याची झुळूक आली तेव्हा खालची झाडं मोडली आणि वरची तशीच राहिली. तेव्हा मला खरी कुठली ते नीट कळलं. कडेने मातीची पायवाट, झाडलेल्या अंगणासारखी. मुलगी म्हणाली, पूर्वी या वाटेवरून घोडे चालायचे, दोराने बोटी ओढत. आता माणसं नुसती चालतात.

"कुठे जातात?" मी विचारलं.

"कुठेच नाही. चालतात आणि परत येतात."

मला ते येडेपणाचं वाटलं. पण त्याच दिवशी मीही तेच केलं.

यांच्यासाठी घडीची खुर्ची आणली होती. वॉकर मुलीने घरीच ठेवायला लावला होता, चार पायांची काठी तेवढी होती. गाडीपासून खुर्चीपर्यंत ते मुलीला धरून आले आणि बसले. पुढे नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, त्या झाडापर्यंत?" बाबा म्हणाले, "झाड दिसतंय की हितनं."

मग रोजचा हाच कार्यक्रम झाला. हे खुर्चीवर, मुलगी कधी सोबत, कधी पाव आणायला, आणि मी पायवाटेवर एकटी. मी कधी एकटी चाललेच नव्हते. आमच्याकडे बाई चालते ती कुठेतरी जायला, आणि हातात पिशवी असते. इथे हात मोकळे, काय करावं कळेना, म्हणून मागे बांधले. समोरून कोणी आलं की "बोंजूर" म्हणायचं, मुलीने एवढं शिकवलं होतं. प्रत्येक माणूस म्हणायचा. भाईंदर स्टेशनला असं करायला गेलं तर घरी पोचेपर्यंत घसा बसेल.

रोज थोडं लांब जायची आणि परत येऊन यांना सांगायची. खुशामत म्हणून नाही. सांगितल्याशिवाय मलाच राहवत नव्हतं.

"अहो, तिथे वाट शेतातून जाते. लोकांच्या शेतातून! फाटक आहे, ते आपण उघडायचं, आत जायचं, आणि मागे लावून घ्यायचं. गाई बघत बसतात. कोणी हाकलत नाही."

"थापा मारू नको. शेतवाला गप बसंल?"

"बसतो. वाट सगळ्यांची आहे म्हणे, जुनी."

त्यांनी मान वळवून शेताकडे बघितलं. आमच्या मिठागराच्या वाटेवर पत्र्याचं कुंपण आलं तेव्हा त्यांनी महिनाभर कोणाशी बोलणं टाकलं होतं.

कालवा सोडून एक वाट रानात शिरते. तिथे मी मुलीबरोबर गेले. आत काळोख नाही, हिरवा उजेड. खाली पाला इतका जाड की पाय टाकला तर आवाज येत नाही. झाडांवर रंगाचे पट्टे मारलेले. मला वाटलं, तोडायची झाडं असतील. आमच्याकडे झाडावर रंग म्हणजे रस्ता रुंद होणार. मुलगी म्हणाली, "नाही आई, हे चालणाऱ्यांसाठी. पट्टा दिसला की वाट बरोबर. फुली दिसली की चुकलात, मागे फिरा." एक अक्षर न वाचता मी ते रान वाचत गेले. प्रत्येक वळणावर, जिथे मनात शंका यावी नेमकं तिथे पट्टा. कोणीतरी डबा आणि ब्रश घेऊन इथून गेलं असेल, आणि थांबून विचार केला असेल, की पुढचा माणूस इथे गोंधळेल. तो पुढचा माणूस म्हणजे मी. त्याने मला पाहिलं नाही, मी त्याला पाहिलं नाही. देवळात मला कधी एवढं भरून आलं नव्हतं. मी खोटं बोलत नाही, मी देवळात बहुतेक चपलेची काळजी करत असते.

त्याच रानात मी एका झुडपाला हात लावला आणि कोपरापर्यंत आग झाली. खाजकुइलीची तिकडची बहीण. हे हसले, पडल्यापासून पहिल्यांदा. "हात कशाला लावते सगल्याला!" घरात हे आमच्या गावच्या बोलीत बोलतात. मीही तशीच बोलते, पण लिहायला बसले की शाळेतल्या बाई मानेवर बसतात.

खुर्चीच्या जवळच कालव्यावर मोठी लाकडी दारं होती. एकदा एक बोट आली. दारं उघडली, बोट आत गेली, मागची दारं लागली. मग आत पाणी भरायला लागलं आणि ती एवढी मोठी बोट, तिच्यावरच्या कुंड्या, सायकली, दोरीवरचे कपडे, सगळ्यासकट वर यायला लागली. मोटार नाही, साखळी नाही. पाण्याने उचलली. बोटीवरच्या बाईने चहाचा कप खालीसुद्धा ठेवला नाही. समोरची दारं उघडली आणि ती वरच्या पाण्यात निघून गेली. मी तोंड उघडं ठेवून बघत होते. यांच्याकडे वळले तर हे काठी टेकून अर्धे उठले होते. मी "बसा, पडाल" म्हटलं नाही. ते पुन्हा बसलेच. म्हणाले, "आपली उघाडी तशीच. पन आपण पानी घेत व्हतो, हे लोक पान्याला कामाला लावतात." मिठागरात खाडीचं पाणी घ्यायला जे दार असतं त्याला आम्ही उघाडी म्हणतो.

परतायची तारीख जवळ येत होती. मुलगी स्वयंपाकघरात डोळे पुसायची. मी तिला म्हटलं, "रडून त्यांचे पाय चालतात का? कांदा चीर."

मग तो दिवस आला. ऊन पाण्याच्या बाजूने होतं म्हणून खुर्ची उलटी, शेताकडे तोंड करून ठेवली होती. कालव्याचा बांध उंच, खाली उतार, उताराच्या पायथ्याशी गवत आणि पलीकडे कुरण. मुलगी पाव आणायला गेली होती. मी गवतात बसून खाकरा खात होते.

"अगं, ते बघ," हे म्हणाले.

"काय?"

"पानी."

उताराच्या खालच्या बाजूला गवतातून पाण्याची बारीक धार येत होती आणि चरातून कुरणाकडे जात होती.

"असेल काहीतरी त्यांचं. सोडा."

"सोडा काय? बीळ हाय ते. बांध आतून पोकळ झाला आसंल. रातीत फुटंल. खाली घरं हायत!"

"अहो, सरकार आहे त्यांना..."

पुढचं वाक्य मी हवेशी बोलले. हे उठले होते. बूट काढले, कारण बांधावर आम्ही पायताण घालत नाही, कड ढासळते. आणि उतरायला लागले. आडवे, एक पाय खाली, दुसरा त्याच्या बाजूला, जसं ओल्या बांधावरून उतरतात तसं. मी खाकरा टाकून मागे धावले आणि त्यांचा शर्ट मागून धरला. खरं तर त्याने काही झालं नसतं. ते पडले असते तर मीही गेले असते.

खाली पोचले. गवत बाजूला केलं, भोक बघितलं, दोन मुठी भरेल एवढं. "आतलं तोंड पान्याखाली हाय, ते आपल्याला नाय गावायचं. भायेरनं तरी बुजवू." गवताचं ढेकूळ मुळांसकट उपटलं, चिखल माखला, गोळा केला, कोंबला. आणि टाच लावली. ज्या बाजूचा खुबा मोडला होता त्याच पायाची टाच. दाबली, पुन्हा माती, पुन्हा दाबली. धार थांबली. चर बघता बघता ओसरला. हे कमरेवर हात ठेवून उभे राहिले, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि माझ्याकडे असं बघितलं जसं मीच ते बीळ केलं होतं.

वर चढताना मात्र दमले. हातापायांवर चढले. मुलगी परत आली तेव्हा बाप चिखलात माखून खुर्चीत धापा टाकत होता. ती किंचाळली. "आई, पडले का?"

"नाही. कामाला गेले होते."

थोड्या वेळाने कुरणातून एक बाई आली. माझ्याच वयाची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, पुरुषासारखा आवाज. लांबूनच ओरडत आली. खाली चराशी गेली, हात घातला, आणि यांचा सगळा गोळा उपसून फेकून दिला. पाणी पुन्हा धो धो निघालं. हे खुर्चीतून ओरडले, "ए बाये! काय करते! बांध जाईल!" ती खालून फ्रेंचमध्ये, हे वरून आमच्या बोलीत. पडल्यापासून एवढा आवाज त्यांनी काढला नव्हता. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघांचंही काही अडत नव्हतं.

मुलगी मधे पडली. मग कळलं. ते बीळ नव्हतं. नळ होता, जुना, बांधातून काढलेला, गवतात झाकलेला. त्यातून कुरणातल्या गाईंच्या हौदात पाणी जातं. हौदात पाणी येईना आणि गाई बोंबलायला लागल्या.

मुलीने हात जोडून माफी मागितली. वडील मिठागरातले आहेत, सवय आहे, असं काहीतरी सांगितलं. ती बाई वर आली. यांच्या चिखलाच्या पायाकडे बघितलं, काठीकडे बघितलं, एक वाक्य बोलली आणि निघून गेली.

"काय म्हणाली?" यांनी विचारलं.

"म्हणाली, बुजवलंत मात्र पक्कं. काढताना तिचं नख तुटलं."

यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बघितलं.

गाडीत मी म्हटलं, "काठी खुर्चीलाच टेकलेली होती, बरं का. खाली जाताना आणि वर येताना."

"मंग?"

"मग काही नाही. सांगितलं."

दुसऱ्या दिवशी त्यांचा पाय सुजला. कण्हत पडून राहिले. दोष म्हणे माझा. मी नीट अडवलं नाही, शर्ट धरला तो चुकीच्या बाजूला धरला. "चल म्हनते, चल म्हनते, आता बघ." मला खरंच भीती वाटली, की होतं नव्हतं तेही गेलं. शेक दिला, तेल लावलं, शिव्या खाल्ल्या. मुलीला मी सांगितलं, आता त्यांना काही बोलायचं नाही. चल म्हणायचं नाही, बस म्हणायचं नाही.

सूज उतरल्यावर तेच म्हणाले, "तो हौद कुठं हाय?"

"कोणता?"

"गाईंचा. पानी कसं घेतलंय बघाया पायजे. नळाला उतार किती ठेवलाय?"

कालव्यावर गेलो. ती बाई कुरणात होती. तिने आम्हाला बघितलं, हाताने "या" अशी खूण केली, आणि पाठ फिरवून चालायला लागली. थांबली नाही, आधार दिला नाही, मागे वळून बघितलं नाही. तिला वाटलं असावं, जो माणूस तिचा नळ बुजवायला खाली उतरतो तो हौदापर्यंत येऊ शकतो. आम्ही घरचे सगळे इतके दिवस जे करत होतो त्याच्या बरोबर उलट. हे काठी घेऊन तिच्या मागे गेले. फाटक तिने उघडलं, यांनी मागे लावून घेतलं. मी वरून बघत होते. हौदाशी दोघं वाकून उभी होती. ती हाताने दाखवत होती, हे मान हलवत होते, मग हे दाखवत होते आणि ती मान हलवत नव्हती. गाई यांच्या सदऱ्याचा वास घेत होत्या.

त्यानंतर ते चालले. रोज. "त्या झाडापर्यंत" असं कोणी म्हणायचं नाही. ते बांध बघत चालायचे, कडेने, मान खाली. उंदरांची बिळं दिसली की थांबायचे, काठी खुपसून खोली बघायचे. बुजवत मात्र नव्हते. "त्यांचं त्यांना ठाव," म्हणायचे, आणि हे त्यांना जड जात होतं ते मला कळायचं.

निघायच्या आधी त्या बाईने मुलीला सांगितलं, की आणखी पुढे गेलात तर कालवा नदीवरून जातो. हे म्हणाले, "नदीत जातो आसं म्हनाली आसंल."

"नाही बाबा, वरून."

"पानी पान्यावरनं? खुळी हाय ती."

पण चालायला लागले, मी आणि मुलगी मागे. वाट लांब होती. रानाच्या कडेने, पट्टे बघत, दोनदा दगडावर बसून. माझेच गुडघे आधी बोलायला लागले. आणि मग झाडं संपली आणि ते समोर आलं.

दगडाचा पूल, लांबलचक, खाली कमानी. कमानींखालून नदी, रुंद, वाळूची बेटं मधे, पाणी पळतंय. आणि पुलावर रस्ता नाही, गाडी नाही. पुलावर कालवा. तोच आमचा कालवा, कडांपर्यंत भरलेला, न हलणारा, आभाळ पोटात घेऊन नदीच्या डोक्यावरून पलीकडे चाललेला. बाजूने माणसाला चालायला पट्टी आणि कठडा. मी कठडा धरून खाली बघितलं, मग वर बघितलं, मग पुन्हा खाली. खालचं पाणी घाईत, वरचं स्वस्थ, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हे कोणी केलं? कोणाच्या मनात पहिल्यांदा आलं, की नदी आडवी आली तर तिच्यावरून पाणी न्यावं? तो माणूस रात्री झोपला कसा असेल? मला घाम फुटला होता आणि ऊन काही तेवढं नव्हतं.

यांनी काठी काखेत मारली आणि वाकून दगडांच्या सांध्यांवरून हात फिरवत पुढे सरकायला लागले. हात बघायचे, कोरडा. पुन्हा फिरवायचे. बऱ्याच वेळाने म्हणाले, "थेंब न्हाय." कोरडा हात माझ्यापुढे धरला. "एक थेंब न्हाय गं."

ते तसेच दगड चाचपत पुढे गेले. मी खाली बसले, पाय पसरून, भर पुलावर. एक बोट आली, माझ्या डोळ्यांच्या रेषेत, इतकी जवळ की हात लावता आला असता. बोटीतल्या म्हाताऱ्याने टोपी उचलली. मी "बोंजूर" म्हटलं. खाली नदीत एक राखी बगळा एका पायावर उभा होता आणि त्याच्या डोक्यावरून बोट चालली आहे हे त्याला माहीत नव्हतं.

हे पलीकडच्या काठाला पोचले होते. तिथून वाट पुन्हा झाडांत जाते. थांबतील, वळतील असं मला वाटलं. थांबले नाहीत. काठी काखेतून काढली, जमिनीला टेकली आणि झाडांत शिरले. मुलगी हाक मारायला निघाली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"जाऊ दे," मी म्हटलं. "बघून येतील पुढे काय आहे ते. मग आपल्याला सांगतील."